खाली कळवलंत?

लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा मी गाडी धुतली. तसा हा काही गुन्हा नाही. भोरहून हिर्डोशीकडे जाणारा रस्ता तेव्हा असा होता की दिवाळीनंतर पांढरी गाडी पोचेपर्यंत विटकरी व्हायची. शिवाय गाडी जुनी असली तरी जावई नवा होता. बायको म्हणाली, "अहो, गाडी खालच्या वाडीपर्यंत जातच नाही. वरच्या वाडीत मामाच्या दारात लावायची आणि पायी उतरायचं. आईला ती दिसणार पण नाही." हे मला पटलं, म्हणजे ऐकून घेतलं. ती पुढं होऊन आईकडे उतरून गेली. मी मामांच्या घरामागं ओढ्याला गाडी लावली, डिकीतला कपडे धुण्याच्या पावडरीचा पुडा काढला आणि अख्खा संपवला.

गाडी लखलखली. फेसाचे पांढरे ढग ओढ्यावरून तरंगत वळणाआड गेले. मी कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत होतो, तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. कबड्डीतल्या पंचाची असते तशी, लांबलचक.

वळून बघतो तर एक उंच, वाळलेले गृहस्थ. अंगात बिनबाह्यांचा खाकी स्वेटर, पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट, गळ्यात दोरीला शिट्टी. गमबुटांना साजेसा चिखल आसपास कुठंही नव्हता. लग्नात, भोरच्या मंगल कार्यालयात, मी यांना पाहिलं होतं, पण तेव्हा ते धोतरात होते.

"खाली कळवलंत?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"खालच्या राष्ट्राला."

 माझा चेहरा बघून ते टांगा टाकत शेजारच्या एका उंच दगडावर चढले. अख्ख्या वाडीत मोबाईलला रेंज तेवढ्या एका दगडावर यायची. तिथं ताठ उभे राहून त्यांनी फोन लावला आणि बातम्या सांगाव्यात तशा आवाजात म्हणाले, "वरून खाली. साबणाचं पाणी सुटलेलं आहे. हंडे भरू नयेत. जबाबदार व्यक्ती, जावई."

पलीकडून एकच शब्द आला. दगड उंच असूनही तो मला खाली ऐकू आला. "कळलं." आणि फोन बंद.

मी उतार उतरून सासूबाईंच्या दारात पोचलो, तर त्या भरलेला हंडा मोरीत पालथा करत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला. "या जावईबापू. तुमच्या आदी तुमचा फेस आला."

त्यानंतर सासुरवाडीत मी काहीही केलं तरी ते त्या फेसाइतकं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

हे मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. उभा जन्म त्यांनी सरकारच्या पाणीमोजणी खात्यात काढला. आपल्याकडची धरणं त्यांनी मोजली नाहीत. त्यांच्या वाट्याला आल्या त्या दोन देशांतून वाहणाऱ्या नद्या. आधी बरीच वर्षं नेपाळच्या हद्दीजवळ, नंतर बांगलादेशच्या. मामी फार लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते वरच्या वाडीत, थोरल्या भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिले. लोक त्यांना नदीवाले म्हणायचे.

"मी आधी खालचा होतो," मामा सांगायचे. "नेपाळातून पाणी यायचं, आम्ही वाट बघायचो. मग बदली झाली आणि मी वरचा झालो. आता आम्ही सोडायचो आणि बांगलादेशवाले वाट बघायचे. नोकरी अशी पाहिजे, जावईबापू. माणूस जन्मभर वरच राहिला की त्याला वाटतं, नदी आपल्या घरातून निघते."

मी पतसंस्थेत कारकून. आमच्याकडे वर म्हणजे मॅनेजर आणि खाली म्हणजे शिपाई, एवढंच मला माहीत. पण मामांच्या खोलीत चहा घेताना हे सगळं खरं वाटायचं. त्यांच्याकडे लांबट टेबल होतं आणि त्याच्या दोन्ही टोकांना बसायला मनाई होती. "टोकाला बसला की तो अध्यक्ष होतो," म्हणायचे. चहा समोरासमोर बसून घ्यायचा. साखरेचा डबा बरोबर मधोमध. मी एकदा तो सहज माझ्याकडे ओढला, तर त्यांनी तो पुन्हा मध्यावर सरकवला.

न्हाणीचं पाणी मागच्या केळीला जायचं. बादली उपडी करण्याआधी मामा आतून मोठ्यानं म्हणायचे, "सोडतोय!" हे केळीला उद्देशून असायचं. वाडीतल्या बाया हसायच्या. पण त्या केळीइतके घड दुसऱ्या कुणाच्या केळीला लागत नव्हते, आणि याचं श्रेय मामा खताला द्यायला तयार नव्हते.

ओढ्याच्या डोहात त्यांनी पाणी मोजायची पट्टी म्हणून एक लाकडी फळी रोवली होती, लाल-पांढरे पट्टे मारून. रोज सकाळी गमबूट घालून तिथं जायचे आणि पाणी कुठल्या पट्ट्यावर आहे ते वाकून बघायचे. "नदीवाले पान्याचा ताप बगायला निघालं," असं लोक म्हणायचे. बघून झालं की दगडावर चढून खालच्या वाडीला फोन. वरून खाली. आज पाणी तांबड्या पट्ट्याच्या वर, किंवा आज पांढऱ्याला टेकलं. पलीकडून "कळलं." फोन बंद. उन्हाळा असो, पावसाळा असो.

तो "कळलं" म्हणणारा आवाज माझ्या सासूबाईंचा होता, हे मला त्या पहिल्या दिवशीच कळलं होतं. वेळ लागला तो एवढंच कळायला, की बहीण-भाऊ एकमेकांशी दुसरा एकही शब्द बोलत नाहीत.

बायकोनं मला सांगितलं ते असं. ती लहान असताना एका वैशाखात, ओढा ज्यातून निघतो त्या झऱ्याचं पाणी फार आटलं. वरच्या वाडीतल्या तिच्या थोरल्या मामानं बांध घालून होतं तेवढं पाणी आपल्या वावरात वळवलं. खाली गुरं पाण्यावाचून हंबरायला लागली. धाकटे मामा तेव्हा रजेवर घरी आले होते. सासूबाई चढ चढून माहेरी आल्या. थोरल्याशी बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून धाकट्यापुढं बसून रडल्या. म्हणाल्या, दादाला सांग, तो तुझं ऐकेल, तू सरकारी मानूस.

आणि मामा म्हणाले, "आक्का, तुमची लेखी तक्रार येऊ दे. दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागतील."

सासूबाईंनी हातातला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. "मी परदेश हाय व्हय रं तुजा?" म्हणाल्या आणि उठल्या. त्या दिवसापासून माहेरच्या उंबऱ्याआत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. लग्नकार्याला यायच्या, अक्षता टाकायच्या आणि तहानेल्या परत जायच्या.

मी एकदा धीर करून मामांजवळ हा विषय काढला. त्यांनी साखरेचा डबा नीट मध्यावर आहे का ते बघितलं. मग म्हणाले, "खात्यात एकच शिकवलं होतं, कुणाची बाजू घ्यायची नाही. घरी आल्यावर तो सदरा काढायचा असतो, हे कुणी सांगितलं नाही."

"मग माफी मागून टाका ना मामा."

"मागेन की. ती म्हणेल, कळलं."

थोरला भाऊ गेल्यावर मामांनी पहिलं काम केलं ते म्हणजे तो बांध स्वतःच्या हातानं उचकटला. दुसरं काम म्हणजे डोहात ती पट्टी रोवली. पण पाणी सुटलं तरी शब्द सुटेना.

नेपाळच्या हद्दीवरची एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. वर डोंगरात पाऊस पडला की पाणी खाली पोचायला काही तास लागतात. तेवढ्या वेळात खालची गावं उठवायची. म्हणून रोज सकाळी वरून बिनतारी यंत्रावर पाण्याचा आकडा यायचा. पलीकडचा माणूस मामांनी कधी पाहिला नव्हता, फक्त आवाज. दोन्ही सरकारांचं फाटलेलं असलं, वर्तमानपत्रात काही छापून आलं, तरी आकडा यायचा. आणि आकडा सांगून झाल्यावर तो माणूस एक वाक्य जास्तीचं बोलायचा. आज आमच्याकडे मका भाजतायत. आज मुलीला ताप आहे. आज ऊन पडलंय.

"ते वाक्य करारात नव्हतं," मामा म्हणायचे. "पण मी आकडा ऐकून घ्यायचो आणि त्या वाक्याची वाट बघायचो." मग दुसरीकडं बघत, "आक्का आकडा ऐकते. नियमानं ऐकते."

म्हणजे म्हातारा रोज त्या दगडावर चढून एका जास्तीच्या वाक्याची वाट बघत होता. मला हे समजायला बरीच वर्षं लागली. पतसंस्थेत माणसं जास्तीचं बोलायला लागली की आम्ही खिडकी बंद करतो.

पुढं वरच्या वाडीला दिवस बरे आले. थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे मामांचा पुतण्या, हुशार गडी. वरंध्याच्या घाटात फिरायला येणारी पुण्याची मंडळी बघून त्यानं वावरात तंबू ठोकले. मंडळी राहायला लागली. राहायला लागली म्हणजे अंघोळीला पाणी आलं, आणि तेही शॉवरखाली. पुतण्यानं ठरवलं की झऱ्याच्या तोंडाशीच टाकी बांधायची आणि सगळं पाणी पाइपात घ्यायचं. वाडीतल्या घरांनाही नळ मिळणार होते, त्यामुळे वरच्या वाडीत कुणी नको म्हणेना. खालच्या वाडीचं काय, तर तिथं पावसाळ्यात विहीर असतेच. वैशाखात काय, तर बघू.

वाडीच्या बैठकीत मामा शिट्टी वाजवून उभे राहिले. "बोलण्याआधी खाली जाऊन यायचं."

"काका, झरा आपला, टाकी आपली," पुतण्या म्हणाला. "खाली कशाला?"

"आम्ही समोरच्या देशाच्या पट्टीपाशी उभं राहिल्याशिवाय बैठकीला बसत नव्हतो. त्याचं पाणी बघायचं, मग तोंड उघडायचं."

"हितं कुठला देश आलाय काका? हाकेवर वाडी हाय ती."

"मग हाकेवर आहे तर चल."

लोक हसले, पण नदीवाल्यांना तोंडावर नाही म्हणायची कुणाला सवय नव्हती. एका कडक उन्हाच्या दुपारी पाच-सहा जण उतरायला निघाले. त्या दिवशी मी आणि बायको तिथं होतो. मामांनी मला तटस्थ निरीक्षक नेमलं. "तुम्ही वेल्ह्याकडचे. तुमच्या गावाचं पाणी पानशेतला जातं. आमच्या खोऱ्यात तुमचा हितसंबंध नाही." निरीक्षकाचं काम म्हणजे मामांच्या डोक्यावर छत्री धरणं. ती मी धरली. उतारावर दोनदा घसरलो आणि दोन्ही वेळा तटस्थपणे मामांच्याच अंगावर गेलो.

खालच्या वाडीच्या डोहात पाणी असं नव्हतंच. तळाशी एक ओला खड्डा आणि त्यात पाझरून येईल तेवढं. बाया रांगेनं हंडे ठेवून सावलीत बसल्या होत्या. ज्या बाईचा नंबर असेल ती खड्ड्यात उतरायची, वाटीनं पाणी उचलून हंड्यात घालायची आणि परत पाझरायची वाट बघायची.   त्या बायांत पुतण्याच्या शाळेतल्या एकीची आई होती. ती म्हणाली, "काय रं, तंबू भरलं का तुजं?" चौकशी म्हणूनच विचारलं होतं तिनं. तो नुसता हसला आणि मोबाईल बघायला लागला. मोबाईल बंदच होता.

मग ऊन फार म्हणून सगळे सासूबाईंच्या ओसरीवर आले. मामा अंगणात थांबले. तो बांध घातल्यापासून त्यांनी या अंगणात पाय ठेवला नव्हता.

आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग काय काम ते विचारायचं, ही तिथली रीत. सासूबाई आतून तांब्या, पेले आणि गुळाची ताटली घेऊन आल्या. प्रत्येकाच्या हातात पाणी. वाटी-वाटीनं भरलेलं ते पाणी आत्ताच डोळ्यांनी बघून आलेली माणसं, पेले हातात धरून नुसती बसली.

पुतण्या म्हणाला, "आत्ये, ऱ्हाऊ दे. आमी पिऊन आलोय."

"पी की रं," सासूबाई म्हणाल्या. "तुज्याच झऱ्याचं हाय. वळखीचं हाय."

तो प्यायला. एका दमात प्यायला आणि पेला उलटा न ठेवता हातातच धरून बसला.

सगळ्यांना पाणी देऊन झालं. मलाही मिळालं, छत्रीसकट. सासूबाई अंगणातल्या गमबुटांकडे न बघता परत आत जायला वळल्या.

"आक्का," मामा म्हणाले. "मला?"

त्या थांबल्या. तांब्या कडेवर लेकरू घ्यावं तसा धरलेला. एवढ्या वर्षांनी भावाकडे सरळ बघितलं आणि म्हणाल्या, "तुमची लेखी तक्रार येऊ द्या."

   मामांनी स्वेटरच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, पायरीवर बसले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "जावईबापू, कागद."

ते थट्टा करत नव्हते. खरंच लिहिणार होते. मी खिसे चाचपले, पेट्रोलची पावती निघाली, ती दिली. मामांनी ती गुडघ्यावर पसरली. पेनाचं टोक कागदाला लावलं, उचललं, पुन्हा लावलं. शब्द काही उमटेना.

"मेल्या, जनमभर लिहीतच बसनार हायस व्हय?" सासूबाई म्हणाल्या आणि पायरी उतरून तांब्याच त्यांच्या तोंडाशी धरला. "पी आता."

मामा लहान मुलासारखे मान वर करून प्यायले. पाणी हनुवटीवरून स्वेटरवर सांडलं. सांडलेल्या पाण्याबद्दल त्यांनी कुणालाही कळवलं नाही.

टाकी झाली. पण मामांच्या म्हणण्याप्रमाणे झाली. तिला एकाच उंचीवर दोन सारखी तोंडं ठेवली, एक वरच्या वाडीला, एक खालच्या. जेवढं येईल ते आपोआप अर्धं-अर्धं. पुतण्याला दोन्हीकडे तोट्या बसवायच्या होत्या. मामा म्हणाले, "वरच्याला बसव. खालच्या तोंडाला तोटी नको. तोटी बसवली की कुणीतरी ती फिरवतो. तू नाही फिरवलीस तर तुझा मुलगा फिरवेल." तोटी बसली नाही. तंबूवाल्यांना आता बादलीनं अंघोळ करावी लागते आणि पुतण्या त्यांना सांगतो की ग्रामीण जीवनाचा अनुभव म्हणजे हाच.

त्या ओसरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांबरोबर दगडाशी गेलो होतो. वरून खाली. पाणी पांढऱ्या पट्ट्याच्या खाली.

"कळलं," पलीकडून आलं.

मामांनी फोन कानावरून काढला नाही. पलीकडूनही बंद झाला नव्हता. गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. मग सासूबाईंचा आवाज, जरा अवघडलेला, "शेळी व्याली राती. दोन हायती."

मामांनी मोबाईल खिशात ठेवला, दगडावरून उतरले आणि पट्टी वाचायला म्हणून निघाले. ती तर आत्ताच वाचून झाली होती. माझ्याकडे पाठ करून डोहावर बराच वेळ वाकून उभे होते. मी गाडी पुसत बसलो. कोरड्या फडक्यानं.

त्या वर्षी भाऊबीजेला सासूबाई चढ चढून वर आल्या, टेबलाच्या बरोबर टोकाला बसल्या आणि म्हणाल्या, "पानी आन रं." मामांनी त्यांना तिथून उठवलं नाही.

गेल्या श्रावणात मामा गेले. झोपेतच गेले. सकाळी फोन आला नाही म्हणून खालून सासूबाईंनीच ओरडून माणूस वर पिटाळला होता.

रक्षा कुठं सोडायची यावर वाडीत चर्चा झाली. कुणी आळंदी म्हणालं, कुणी नीरा. पुतण्या म्हणाला, "काकांना हाच वढा पायजे." पण मग एक म्हातारा म्हणाला ते खरं होतं. ओढ्यात सोडलेलं सगळं खाली जातं, आणि खालच्यांना न विचारता सोडलेलं नदीवाल्यांना चाललं नसतं. माणूस खाली गेला. सासूबाईंच्या गुडघ्यांनी त्या वर्षी दगा दिला होता, त्यांना चढ चढवत नव्हता. त्यांनी निरोप पाठवला, "पावसाळ्यात आमी विहिरीचं पितो. आमची हरकत न्हाई."

ओढा दुथडी भरून चालला होता. पट्टी पाण्यात पार बुडाली होती. पुतण्या मडकं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. गुरुजींचे मंत्र म्हणून झाले. काहीतरी राहून गेलंय असं मला वाटायला लागलं. काय ते आठवलं तसा मी चिखलातून दगडाकडे पळालो. एकदा सपशेल आडवा झालो. पांढरा सदरा होता. दगडावर चढून फोन लावला.

 "वरून खाली," म्हणालो. "आई, सोडतोय."

पलीकडे पाण्याचाच आवाज होता. म्हणजे त्या घरात नव्हत्या, काठीचा आधार घेत डोहापर्यंत आल्या होत्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. आणि मग, "सोडा. मी हितं हाय."

मी हात वर केला. पुतण्यानं मडकं पाण्यावर वाकवलं.

परतताना बायको गाडीत खिडकीबाहेर बघत बसली होती. धरणाचं पाणी डाव्या हाताला संगतीनं येत होतं. माझ्या सदऱ्यावरचा चिखल वाळून त्याचे पोपडे सीटवर पडत होते आणि त्याबद्दल ती काही बोलत नव्हती, म्हणून मला काळजी वाटायला लागली. भोर जवळ आल्यावर तिनं पदरानं नाक पुसलं आणि खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही आधी कळवलंत."